नॅनोट्यूब घातलेला नायलॉनचा धागा पुन्हा पुन्हा तुटतो आणि ताकदही वाढत नाही: दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. नायलॉन-६ मध्ये अर्धा ते एक टक्का मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या, एकात एक थर असलेल्या अतिसूक्ष्म नळ्या) घालून मेल्ट स्पिनिंगने, म्हणजे वितळलेला पॉलिमर बारीक भोकांतून ढकलून, धागा काढायचा असतो. पहिला तास-दीड तास बरा जातो. मग पॅकचं (गाळण्या आणि भोकांची चकती असलेल्या संचाचं) प्रेशर हळूहळू चढायला लागतं, धागा ओढून लांबवणाऱ्या ड्रॉ रोलरवर धाग्यातल्या अनेक तारांपैकी एक तार तुटते, ती ओवून घेईपर्यंत दुसरी तुटते. नवा पॅक बसवला की पुन्हा काही तास ठीक, आणि पुन्हा तेच. एवढं करून जो धागा हाती येतो त्याची ताकद साध्या नायलॉनपेक्षाही कमी भरते.

मी एका छोट्या पायलट लाइनवर काम करतो आणि हा त्रास आम्ही दोन पावसाळे काढला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगतो: नाव नॅनो असलं तरी दोष नॅनोमीटरमध्ये शोधू नका, मायक्रॉनमध्ये शोधा. आम्ही कित्येक महिने उलट केलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पन्नास हजारपट मोठं करून बघितलं की प्रत्येक वेळी सुटी सुटी, छान पसरलेली नळी दिसायची. फोटो सुंदर यायचे आणि धागा तुटायचा. त्या फोटोत येणारी जागा एक-दोन मायक्रॉनची. धागा जिथे तुटतो तिथली गुठळी पाच-दहा मायक्रॉनची, आणि ती पाच मीटरवर असेल नाहीतर पाचशे किलोमीटरवर. त्या खिडकीतून ती दिसणारच नाही.

एक आकडेमोड करून बघा, म्हणजे प्रश्नाचं खरं माप कळेल. दोन डेनियरची नायलॉनची तार, म्हणजे ९००० मीटरचं वजन दोन ग्रॅम. नायलॉनची घनता १.१४ धरली तर त्या तारेचा व्यास येतो जेमतेम १६ मायक्रॉन. आठ मायक्रॉनची गुठळी म्हणजे अर्धी जाडी. आता २४ तारांचा धागा मिनिटाला ८०० मीटर वेगाने गुंडाळला जातोय असं समजा. तासाभरात प्रत्येक तार ४८ किलोमीटर, सगळ्या मिळून ११५० किलोमीटरच्या वर, आणि माल किती? सुमारे २५६ ग्रॅम. तासाला एकदा तार तुटायला या पाव किलोत दहा मायक्रॉनची एकच गुठळी पुरते, जिचं वजन ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाच्या आसपास असतं. मोल्डिंगवाल्याला तोच मास्टरबॅच (नळ्या आधीच दाट कालवलेले पॉलिमरचे दाणे) उत्तम वाटतो आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या तीन मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात अशा हजार गुठळ्या निमूट बसतात. म्हणून पुरवठादाराच्या कागदावर ‘उत्कृष्ट डिस्पर्शन’ (नळ्या उत्तम पसरलेल्या) असं लिहिलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: कशासाठी उत्कृष्ट?

आधी नळीविना चालवून बघा

नॅनोट्यूबवर आळ घेण्याआधी दोन कोऱ्या फेऱ्या काढा. एक फेरी फक्त तुमच्या नायलॉनची. ती सगळेच काढतात. दुसरी जवळजवळ कोणी काढत नाही: मास्टरबॅचमध्ये नळ्या ज्या पॉलिमरमध्ये कालवल्या आहेत तोच पॉलिमर, पण नळ्यांविना, तेवढ्याच प्रमाणात नायलॉनमध्ये मिसळून.

ही दुसरी फेरी का, ते बघा. मास्टरबॅचमध्ये साधारण १५ टक्के नळ्या असतात. धाग्यात एक टक्का नळ्या हव्या असतील तर सहा-सात टक्के मास्टरबॅच घालावा लागतो, आणि त्यातला मोठा भाग नळ्या नसून वाहक पॉलिमर असतो. तो तुमच्याच ग्रेडचा असेल असं गृहीत धरू नका. कधी तो कमी व्हिस्कॉसिटीचा नायलॉन असतो, कधी ‘सगळ्यात चालतो’ म्हणून विकलेला भलताच पॉलिमर. आम्हाला एकदा असाच माल आला होता. वाहक नायलॉनशी एकजीव होत नव्हता, त्याचे थेंब तारेत लांबट होऊन बसत आणि ड्रॉ करताना तिथे तार चिरफाळायची. आम्ही मात्र नळ्यांच्या पृष्ठभागाची रसायनं बदलत बसलो होतो. नळीविना वाहक पॉलिमर मिळत नसेल तर पुरवठादाराकडून निदान तो कोणता आणि त्याची रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी (पॉलिमरच्या साखळ्या किती लांब याचं माप) किती, एवढं लेखी घ्या.

या दोन्ही फेऱ्या पाळीभर विनातक्रार चालल्या तरच पुढचं वाचा. चालल्या नाहीत तर दोष लाइनमध्ये, क्वेंचमध्ये (तार थंड करणाऱ्या हवेत) किंवा वाहकात आहे आणि खालच्या कशानेही तो जाणार नाही.

तुटलेलं टोक फेकू नका

तार तुटली की आपल्याकडे पहिला हात जातो तो सक्शन गनकडे. तुटलेलं टोक वेस्टमध्ये जातं आणि पुरावा संपतो. लाइनवरच्या जुन्या ऑपरेटर काकांनी आम्हाला ही सवय लावली: प्रत्येक तुटीचं टोक चिकटपट्टीवर लावायचं, खाली वेळ आणि पॅकचं प्रेशर लिहायचं. ते स्वतः धागा अंगठा आणि तर्जनीतून हळूच ओढून खर लागते का बघायचे. पांढऱ्या धाग्यात डोळ्याला जे दिसतं ते काळ्यात बोटाला कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं निघालं.

ही टोकं साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली, शंभर ते चारशेपट, खालून जोरदार उजेड सोडून बघा. एक टक्का नळ्या असलेला धागा बॉबिनवर कुळकुळीत काळा दिसतो, पण एकटी १६ मायक्रॉनची तार उजेडात राखाडी, अर्धपारदर्शक असते. त्यात गुठळी असेल तर काळा ठिपका स्पष्ट उमटतो.

टोकाशी किंवा त्याच्या अगदी शेजारी फुगवटा आणि त्यात काळा ठिपका असेल तर गुठळी. टोक लांबट, निमुळतं, चिक ओढल्यासारखं असेल तर पॉलिमर पातळ झाला आहे किंवा क्वेंच कमी पडतंय. टोकाजवळ पोकळ बुडबुडा दिसला तर ओलावा. टोक सरळ कापल्यासारखं असेल तर गाइडची खाच, स्पिन फिनिशचा (धाग्यावरच्या तेलकट लेपाचा) तुटवडा असं काहीतरी यांत्रिक. गाइडकडे खास लक्ष द्या, कारण नळ्यांचा धागा सिरॅमिकवर साध्या धाग्यापेक्षा जास्त घासतो.

वीस-पंचवीस टोकं गोळा झाली की कौल मिळतो. आमच्याकडे बहुसंख्य टोकांत फुगवटा होता. बहुतेकांच्या लाइनवर तसाच निघेल असं मला वाटतं, म्हणून मुख्य भाग त्याचाच.

जट सोडवायची असेल तर आधी तेल, मग फणी

या नळ्या उत्प्रेरकाच्या कणांवर वाढवलेल्या असतात. लोखंड किंवा कोबाल्टचे बारीक कण, बहुतेकदा ॲल्युमिनासारख्या आधारावर, त्यावरून कार्बनयुक्त वायू सोडला की नळ्या उगवतात आणि उगवताना एकमेकींत गुंततात. हाती येतो तो सुट्या नळ्यांचा ढीग नसतो. महिनोन्महिने न विंचरलेल्या केसांच्या जटांसारखे शेकडो मायक्रॉनचे गोळे असतात. एकेक नळी दहा नॅनोमीटरच्या आसपास जाड आणि एक-दोन मायक्रॉन लांब.

जट सोडवताना घरात काय करतात ते आठवा. कोरड्या जटेत फणी घातली तर केस तुटतात आणि जट तशीच राहते. आधी तेल मुरवावं लागतं. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे स्क्रूने पॉलिमर वितळवून कालवणाऱ्या यंत्रातही, तसंच आहे. वितळलेला पॉलिमर आधी गोळ्याच्या आत मुरला पाहिजे. त्यासाठी तो पातळ हवा, म्हणजे तापमान चढं, आणि थोडा वेळ हवा. आत मुरल्यावर गोळा सैल होतो, मग तो फोडायला जोरदार शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर) लागतो, आणि त्यासाठी पॉलिमर घट्ट हवा, म्हणजे तापमान उतरतं. दोन्ही गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकाच तापमानाला सगळे झोन लावून ठेवणाऱ्याला यातलं एकच काहीतरी मिळतं. ड्रेस्डेनच्या लायबनित्स पॉलिमर संशोधन संस्थेत पेट्रा पोट्श्के यांच्या गटाने वितळलेल्या पॉलिमरमध्ये नळ्या कशा मुरतात, गोळे कसे फुटतात आणि कसे कडेने झिजत जातात यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्या कामाचा आम्हाला झालेला उपयोग एवढाच, की ट्विन स्क्रूचे (दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरचे) पहिले झोन गरम आणि पुढचे क्रमाने थंड ठेवायला लागलो आणि नीडिंग ब्लॉक (स्क्रूचे मळणारे भाग) मुरण्याच्या जागेच्या पुढे सरकवले.

फणीचा जोरही बेतानेच. स्क्रूचा वेग वाढवत नेला की गोळे कमी होतात, पण नळ्याही तुटतात. मिसळून झाल्यावर त्यांची लांबी मूळच्या निम्म्याहून खाली आलेली सहज सापडते. याची किंमत ताकदीत मोजावी लागते. नळीची पूर्ण ताकद कामी येईल एवढा ताण तिने मॅट्रिक्सकडून, म्हणजे भोवतालच्या पॉलिमरकडून, उचलायचा असेल तर तिला एक किमान लांबी लागते. नळीची ताकद २० गिगापास्कल, व्यास १० नॅनोमीटर आणि नायलॉनची तिच्यावरची पकड ५० मेगापास्कल धरली तर ही लांबी दोन मायक्रॉन येते. दीड मायक्रॉनची नळी आधीच थोडी आखूड आहे. ती अर्ध्या मायक्रॉनवर आली तर ताणाखाली तुटण्याऐवजी म्यानातून तलवार निघावी तशी सरकून बाहेर येते. तेव्हा ‘गुठळ्या गेल्या तरी ताकद वाढली नाही’ अशी तक्रार असेल तर स्क्रूचा वेग कमी करून बघा, वाढवून नव्हे.

सगळ्यात मोठी चूक मात्र याहून साधी आहे. स्पिनिंग लाइनवरचा सिंगल स्क्रू गुठळी फोडत नाही. तो वितळवतो, दाब देतो आणि जे आहे ते सारखं वाटून टाकतो. १५ टक्क्यांचा मास्टरबॅच थेट चिप्सबरोबर (साध्या नायलॉनच्या दाण्यांबरोबर) हॉपरमध्ये टाकून धागा काढला तर मास्टरबॅचमध्ये असलेली प्रत्येक गुठळी पॅकपर्यंत पोहोचते. मोठ्या पॅकमध्ये अडकून प्रेशर चढवतात, जाळीतून निसटण्याइतक्या लहान पुढे जाऊन तार तोडतात. मध्ये एक पायरी घाला. मास्टरबॅच ट्विन स्क्रूवर तुमच्याच नायलॉनमध्ये तीन ते पाच टक्क्यांपर्यंत उतरवा, तिथेच बारीक जाळीतून गाळा, दाणे करा, आणि मगच तो स्पिनिंगला द्या. एक वितळण जास्त होते, खर्च वाढतो, पॉलिमर थोडा झिजतो. आम्ही हे टाळायला बघितलं आणि टाळता आलं नाही. ही पायरी घातल्यावर पॅक पहिल्यांदा पूर्ण पाळी टिकला.

स्पिनिंगवर चढवण्याआधी दाण्यांची परीक्षा घ्या. रंगाच्या मास्टरबॅचसाठी फिल्टर प्रेशरची चाचणी असते, ईएन १३९००-५ मध्ये (आता आयएसओ २३९००-५) तिची पद्धत आहे: ठरावीक माल ठरावीक जाळीतून ढकलायचा आणि दाब किती चढतो ते मोजायचं. छोटा एक्स्ट्रूडर, गिअर पंप आणि प्रेशर गेज असेल तर ही चाचणी स्वतःच लावता येते. आकडा प्रमाणाशी जुळो न जुळो, लॉट-लॉटमधला फरक कळतो आणि तोच हवा असतो. जोडीला गरम प्रेसमध्ये दाणा दाबून पातळ फिल्म करा आणि मायक्रोस्कोपखाली पाच मायक्रॉनच्या वरचे ठिपके मोजा. पॉलिओलेफिन पाइपमधल्या कार्बन ब्लॅकसाठी आयएसओ १८५५३ मध्ये जी रीत आहे तिच्यातून नमुना कसा घ्यायचा आणि ठिपके कसे मोजायचे हे शिकता येतं. पण पाइपला जे चालतं ते धाग्याला चालत नाही, त्यामुळे पास-नापासची रेषा आपली आपण आखावी.

फुटलेल्या गुठळ्या पुन्हा जमतात

हे आम्हाला उशिरा कळलं. नीट पसरलेल्या नळ्या वितळलेल्या, न हलणाऱ्या पॉलिमरमध्ये तशाच पसरून राहत नाहीत. त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि पुन्हा पुंजके बांधतात. तारा तुटल्या, ओवायला वेळ लागतोय म्हणून पंप मंद केला, वीस मिनिटं गेली, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिला अर्धा तास तारा जास्तच तुटल्या, असं तुमच्याकडे होत असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. पंप मंद करू नका. माल वाया जाऊ द्या, प्रवाह चालू ठेवा. मोठा थांबा घ्यायचा असेल तर साध्या नायलॉनने पर्ज करून, म्हणजे आतला माल ढकलून बाहेर काढूनच थांबा. पॅकमध्ये आणि मेल्ट पाइपच्या कोपऱ्यांत जिथे प्रवाह थबकतो त्या जागा नळ्यांच्या मालाला साध्या मालापेक्षा जास्त भोवतात.

पावसाळा

नायलॉन-६ हवेतला ओलावा भराभर ओढतो. ५० टक्के आर्द्रतेत तो स्वतःच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या जवळपास पाणी धरतो, आणि जुलैत कोकणात किंवा मुंबईत आर्द्रता ५० वर राहत नाही. स्पिनिंगला ०.०८ टक्क्याच्या खाली ओलावा लागतो आणि तो दर वेळी तेवढाच असावा लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं. नळ्या आल्या की दोन नव्या गोष्टी भर घालतात.

मास्टरबॅचचे दाणे चिप्सपेक्षा हळू कोरडे होतात, आणि नळ्यांवर कार्बॉक्सिल गट बसवलेले असतील तर त्या पाणी आणखी घट्ट धरून ठेवतात. म्हणून चिप्स आणि मास्टरबॅच एकत्र न वाळवता वेगवेगळे वाळवा आणि दोन्हींचा ओलावा वेगवेगळा मोजा. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पांढरा नायलॉन गरम हवेत जास्त वेळ वाळवला की पिवळा पडतो आणि ऑक्सिडेशन झाल्याचं आपल्याला ओरडून सांगतो. काळा माल पिवळा पडत नाही. आम्ही एक अख्खा लॉट ८० अंशाच्या वर साध्या हवेत रात्रभर वाळवून खराब केला आणि दिसायला तो अगदी ताजा होता. तेव्हापासून नळ्यांचा माल फक्त व्हॅक्यूममध्ये वाळवतो.

पॉलिमर झिजला की नाही हे बघायला रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी मोजाल, तेव्हा द्रावणातून नळ्या आधी सेंट्रिफ्यूज करून किंवा गाळून काढा आणि त्यांचं वजन हिशोबातून वजा करा. नाहीतर आकडा फुगलेला येईल आणि झिजलेला पॉलिमर ठणठणीत वाटेल.

धागा चालतो, पण ताकद वाढत नाही

इथे आधी अपेक्षा तपासू. नळीचं मॉड्युलस (ताठपणा) एक टेरापास्कलच्या घरात आणि ताकद दहा ते साठ गिगापास्कल हे आकडे सगळीकडे छापलेले असतात. खरे आहेत, पण ते उत्तम, सरळ नळ्यांचे. २००० साली अमेरिकेत एकेक मल्टिवॉल नळी ओढून बघितली तेव्हा तिच्या सगळ्यात बाहेरच्या थराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली होती. आपण टनाच्या हिशेबात विकत घेतो त्या नळ्या वाकड्यातिकड्या, दोष असलेल्या असतात. त्यांचं उपयोगी मॉड्युलस दोनशे गिगापास्कल धरणंही उदारपणा आहे. वजनाने एक टक्का म्हणजे आकारमानाने ०.६ टक्के. सगळ्या नळ्या धाग्याच्या दिशेत आल्या आणि पकड पूर्ण मिळाली तरी भर पडणार १.२ गिगापास्कलची. ड्रॉ केलेल्या नायलॉनचं स्वतःचं मॉड्युलस तीन ते पाच असतं. म्हणजे सगळं नीट जमलं तर २५ ते ४० टक्के वाढ. कोणी दुप्पट मागत असेल तर त्याला ही आकडेमोड दाखवा.

आता ताकद उलटी घटते तिचं कारण. नायलॉनच्या धाग्याला ताकद मुळात येते ती ड्रॉमधून, साखळ्या ओढून एका दिशेत आणल्याने. नळ्या नायलॉनच्या स्फटिकांना बीज पुरवतात. तार स्पिनरेटमधून (भोकांच्या चकतीतून) निघाल्यावर साध्या धाग्याआधी स्फटिक बांधायला लागते आणि नंतर ड्रॉला अडते. जो साधा धागा साडेतीनपट ओढला जातो तो नळ्यांसह तीनपटीवरच तुटायला लागतो. मग आपण घाबरून २.८ वर चालवतो आणि साडेतीनवर काढलेल्या साध्या धाग्याशी तुलना करतो. त्यात नळ्यांनी दिलेलं थोडंसं ड्रॉमध्ये गमावलेल्या भरपूर ताकदीखाली गडप होतं.

क्वेंचची हवा वाढवून तार लवकर थंड केली, पहिल्या ड्रॉचं रोलर पाच-दहा अंश जास्त गरम ठेवलं आणि एका झटक्याऐवजी दोन टप्प्यांत ड्रॉ केलं की गमावलेला बराचसा ड्रॉ परत मिळतो. टेकअपचा (गुंडाळण्याचा) वेग थोडा कमी करणंही कामी येतं. नळ्या एकाऐवजी ०.३ टक्के घालून ड्रॉ पूर्ण मिळवणं हे एक टक्का घालून अर्धवट ड्रॉ करण्यापेक्षा मला दर वेळी फायद्याचं ठरलं आहे. तुलना करताना दोन्ही धागे तुटेपर्यंत सारखेच लांबतील अशा ड्रॉवर आणा, मग ताकद मोजा. आणि डेनियर प्रत्येक नमुन्याचं मोजून घ्या, पंपाच्या आकड्यावरून काढू नका. पंपाने दिलेल्या मालातला काही भाग गळतीत आणि वेस्टमध्ये गेलेला असतो. मेगापास्कलमध्ये छापलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं असेल तर नायलॉनसाठी एक ग्रॅम प्रति डेनियर म्हणजे १०० मेगापास्कल, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

‘मग जगात इतरांना कसं जमलं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जमलं आहे, आणि ते वाचून मीही या कामात आलो. २००० साली फ्रान्समध्ये नळ्यांचं पाण्यातलं मिश्रण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या वाहत्या द्रावणात सोडून धागा काढला गेला. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सतीश कुमार यांच्या गटाने २००२ मध्ये पीबीओ या आधीच अतिशय मजबूत असलेल्या पॉलिमरमध्ये दहा टक्के सिंगलवॉल नळ्या घालून ताकद सुमारे दीडपट केली, आणि पुढे पॅनच्या (पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या) जेल स्पिनिंगमध्येही नळ्यांचा चांगला उपयोग करून दाखवला. पण यातलं एकही काम मेल्ट स्पिनिंगचं नाही. तिथे नळ्या पातळ द्रावणात, सावकाश, सुट्या होतात, आणि मऊ जेलचा धागा प्रचंड ओढता येतो. वितळलेला नायलॉन मधापेक्षा कितीतरी घट्ट असतो आणि आपल्याकडे मिनिटं असतात. तिथले आकडे इथे उतरवून स्वतःला नापास ठरवू नका.

नळ्यांवर कार्बॉक्सिल किंवा अमाइन गट बसवून पकड वाढवण्याचा मार्ग खरा आहे, पण क्रमाने शेवटचा. गुठळ्या असताना त्याने काहीही होत नाही, आणि आम्लात उकळून बसवलेले गट नळीच्या भिंतीला भोकं पाडूनच बसलेले असतात.

ताकद नको, धाग्याने स्थिर वीज वाहून न्यावी एवढंच हवं, अशी गरज असेल तर वरचा बराच भाग उलटा होतो. ड्रॉने नळ्या एका दिशेत येतात, त्यांचं एकमेकींना टेकणं सुटतं आणि वाहकता हजारोपटींनी पडते. तिथे दोन पदरी धागा काढून एकाच पदरात नळ्या भरपूर घालणं हा मार्ग बरा.

पॅक धुताना

सगळं सुधारूनही नव्या पॅकनंतरच्या पहिल्या तासात तारा तुटत असतील तर पॅक खरंच नवा होता का बघा. वापरलेले पॅक आपण भट्टीत जाळून साफ करतो. नायलॉन साडेचारशे अंशांपर्यंत निघून जातो, नळ्यांचं तसं नाही. त्या हवेत जळायला साधारण साडेपाचशेच्या पुढे लागतात, आणि ॲल्युमिनाचे कण तर जळतच नाहीत. नेहमीच्या सायकलमधून निघालेल्या पॅकच्या भोकांत, ब्रेकर प्लेटच्या (जाळीला आधार देणाऱ्या प्लेटच्या) कडेला काळी पूड उरते. पुढच्या फेरीत तीच पहिली गुठळी होते. भट्टीनंतर प्लेट आणि स्पिनरेट पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, पाणी काळं येणं थांबेपर्यंत बदला, मग भोकं एकेक करून उजेडात तपासा.

ती पूड एअर गनने उडवू नका, हे मी हात जोडून सांगतो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी आठ तासांची शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि एका प्रकारच्या मल्टिवॉल नळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात घातलं आहे. दाण्यात बंद असलेली नळी त्रास देत नाही, भट्टीतून निघालेली मोकळी पूड देते. ओल्या फडक्याने पुसा, चांगला मास्क घाला, फडकं पिशवीत बंद करून टाका. उडालेली पूड वीज वाहते, त्यामुळे कंट्रोल पॅनेलच्या जवळ तर मुळीच नको. नळ्यांसाठी वापरलेल्या पॅकवर कायमची खूण करून ते वेगळ्या कपाटात ठेवा. पांढऱ्या धाग्याला ते पुन्हा लावू नका.